झोंबीपट बघायचेत? मग या क्रमाने बघा

धाकट्या दिराने एकदा विचारलं, "वहिनी, तुझे ते मुडद्यांचे विनोदी सिनेमे मलाही बघायचेत. कुठून सुरू करू?" उत्साहाच्या भरात मी त्याला थेट 'ब्रेनडेड' लावून दिला. रविवारची सकाळ, टेबलावर मिसळ, तर्री वेगळ्या वाटीत. अर्ध्या तासात त्याने वाटी लांब सरकवली, मग पाव सरकवले, मग स्वतःच उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. पुढचे दोन महिने तो आमच्याकडे मिसळ खायला फिरकला नाही. नाशिकचा माणूस मिसळीला नाही म्हणतो, यावरून काय ते समजा.

चूक माझी होती. सिनेमा उत्तम आहे, पण तो पाचव्या पायरीवरचा, आणि मी दिराला पहिल्याच दिवशी तिथे नेऊन उभं केलं. नंतर इंदिरानगरच्या आमच्या हॉलमध्ये मैत्रिणी, आत्तेबहीण, खालच्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले काका अशा बऱ्याच जणांना या सिनेमांची गोडी लागली. एक मैत्रीण अजून बोलत नाही, तिचं कारण पायरी पाचमध्ये येईल. या सगळ्यातून जो क्रम पक्का झाला, तो इथे देतेय.

शब्दाचा घोळही आधीच मिटवते. माझ्या वडिलांना 'झोंबी' म्हटलं की आधी कुस्ती आठवते, मग कादंबरी. मुडदे त्यांच्या यादीतच नाहीत. या लेखात झोंबी म्हणजे मेलेलं, उठलेलं आणि जिवंत माणसाला चावायला निघालेलं माणूस.

आधी काय जमवायचं

टीव्ही किंवा प्रोजेक्टर. मोबाइलवर हे सिनेमे बघू नका. सहा इंचांच्या पडद्यावर रक्त नुसतं किळसवाणं दिसतं. लॅपटॉप असेल तर एचडीएमआय केबल, तीही आदल्या दिवशी लावून बघितलेली. किमान तीन माणसं, त्यातलं एक मोठ्याने हसणारं. इंग्रजी सबटायटल सुरू ठेवा, कारण ब्रिटिश आणि न्यूझीलंडचे उच्चार भल्याभल्यांना कळत नाहीत. खायला कोरडं काहीतरी: चिवडा, शेंगदाणे, फुटाणे. रस्सा, सॉस, जाम, कस्टर्ड यातलं काहीही नको.

कागदपत्रांत एकच. असा सिनेमा थिएटरला क्वचित लागतो, पण लागलाच तर बहुतेकदा त्याला 'ए' प्रमाणपत्र असतं. अठराच्या आतल्यांना आत सोडत नाहीत, आणि चेहरा कोवळा असेल तर वयाचा पुरावा मागतात. आधार किंवा लायसन्स जवळ ठेवा. घरी बघतानाही ओटीटीवर सुरुवातीला कोपऱ्यात येणारी वयाची पट्टी वाचा. 'यू/ए १६+' आणि 'ए' यांत बराच फरक आहे, आणि पुतण्या सोफ्यामागे लपून बघत असेल तर तो फरक तुम्हालाच निस्तरावा लागतो.

१. स्वतःची पट्टी ठरवा

प्रत्येकाला वेगळी गोष्ट सोसत नाही. कुणाला सुई चालत नाही, कुणाला उलटी, कुणाला कुत्र्याला काही झालेलं. आमच्या काकांना मुंडकं उडालेलं चालतं, पण नख उपटलेलं बघवत नाही. आपलं काय आहे ते आधी बाकीच्यांना सांगून टाका, लाजू नका. तो प्रसंग आला की शेजारच्याने कोपराने ढोसायचं आणि आपण डोळे मिटायचे, एवढी साधी व्यवस्था पुरते.

२. पहिला सिनेमा घरचा

परक्या गावचा झोंबी परका वाटतो. म्हणून सुरुवात 'झोंबिवली'ने करा. २०२२चा मराठी सिनेमा, दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, अमेय वाघ, वैदेही परशुरामी आणि ललित प्रभाकर. नावातच डोंबिवली आहे. टॉवरमधली माणसं आणि वस्तीतली माणसं, आणि दोघांच्या मधोमध पाण्याचा प्रश्न. नळाला पाणी न येणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको, त्यामुळे झोंबी यायच्या आधीच आपण गोष्टीत शिरलेले असतो. सिनेमा मधे थोडा रेंगाळतो, काही विनोद फुसके आहेत. तरी पहिल्या दिवसासाठी याहून चांगला नाही, कारण मुडदाही आपल्यातलाच वाटतो: लोकलमधून उतरून घरी निघालेला, दमलेला.

त्यानंतर २०१३चा 'गो गोवा गॉन', राज आणि डीके यांचा. सैफ अली खान यात खोटा रशियन बनून फिरतो आणि तीन बिनकामाचे मित्र झोंबी म्हणजे काय यावरच वाद घालत बसतात. हिंदी सिनेमात भूत असतं, चेटकीण असते, मग हे कुठून आलं, हा प्रश्न पात्रांनाच पडलाय. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या मनातही नेमकं तेच असतं.

आणि 'आपल्याकडे भीती आणि विनोद एकत्र चालत नाहीत' असं कुणी म्हणालं, तर त्याला १९९३च्या 'झपाटलेला'ची आठवण करून द्या. रामदास पाध्यांनी घडवलेला तात्या विंचू, त्याच्या समोर लक्ष्मीकांत बेर्डे. तो झोंबीपट नाही, मान्य. पण बाहुला छातीवर बसलाय आणि आपण हसतोय, ही सवय आपल्याला लहानपणीच लागलेली आहे.

३. मग एकदा मुळाशी जा

आता जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', १९६८. यात विनोद औषधालाही नाही. तरी बघायचा, कारण पुढचे सगळे विनोद याच्यावरच केलेले आहेत. हळूहळू चालत येणारी प्रेतं, डोक्यावर घाव घातल्याशिवाय न थांबणारी. एक बंद घर. आणि आत अडकलेल्या माणसांची आपापसांतली भांडणं, जी बाहेरच्या मुडद्यांपेक्षा जास्त घातक ठरतात. गंमत म्हणजे अख्ख्या सिनेमात 'झोंबी' हा शब्द कुणी उच्चारतच नाही.

काळ्यापांढऱ्या सिनेमात लाल रंगाची गरज नव्हती, म्हणून रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप वापरलं. हे आधी सांगून ठेवा, नवख्याचा निम्मा ताण जातो.

हा सिनेमा अमेरिकेत प्रताधिकारमुक्त आहे. शेवटच्या क्षणी नाव बदललं आणि नव्या नावाच्या पाटीवर प्रताधिकाराची ओळ घालायची राहून गेली. त्यामुळे इंटरनेटवर तो फुकट सापडतो. सापळा इथेच आहे: त्याच्या नंतर रंगवलेल्या प्रतीही फिरतात. हिरवट चेहऱ्यांची ती प्रत लागली तर ताबडतोब बंद करा आणि मूळची शोधा.

जमल्यास लगेच त्याच दिग्दर्शकाचा १९७८चा 'डॉन ऑफ द डेड'. तो पेनसिल्व्हेनियातल्या मनरोव्हिल मॉलमध्ये रात्री, दुकानं बंद झाल्यावर चित्रित केला होता. मेलेली माणसं सवयीने मॉलमध्ये येतात आणि सरकत्या जिन्यावर धडपडतात. मोटरसायकलवाल्यांची टोळी त्यांच्या तोंडावर क्रीमचे 'पाय' (इंग्रजी pie, केकसारखा पदार्थ) फेकून मारते. रक्त मेणखडूसारखं भडक लाल आहे, खरं वाटत नाही, आणि विनोदाच्या दृष्टीने ते बरंच आहे. मात्र २००४ साली याच नावाने नवा सिनेमा निघालाय, त्यात झोंबी धावतात. तारीख बघून लावा.

जाताजाता एक दुरुस्ती, कारण ही चूक ऐकली की मला राहवत नाही. झोंबी मेंदू खातात ही कल्पना रोमेरोची नव्हे. ती १९८५च्या 'रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड'मधून आली. त्यातले मुडदे बोलतात, पळतात, आणि डोकं फोडूनही थांबत नाहीत.

४. हळू चालणारे की पळणारे, हे एकदा ठरवा

इथे 'शॉन ऑफ द डेड' लावायचा. २००४, दिग्दर्शक एडगर राइट, सायमन पेग आणि निक फ्रॉस्ट. लंडनमधला एक आळशी विक्रेता, त्याला सोडून गेलेली मैत्रीण आणि सोफ्यावरून न उठणारा मित्र. सकाळी हा गडी दुकानात जाऊन येतो. दुसऱ्या दिवशी रात्रीची उतरलेली नसताना पुन्हा त्याच वाटेने तसाच जाऊन येतो. मधल्या काळात अख्खी गल्ली मेलेली आहे आणि याच्या ते लक्षातच येत नाही. दोन्ही फेऱ्या नीट बघा, सिनेमा संपल्यावर मागे जाऊन पुन्हा बघा. कॉलेज रोडवर सकाळी नऊ वाजता गाडी चालवणाऱ्याला यात अतिशयोक्ती दिसणार नाही.

मग मागच्या अंगणातला प्रसंग. दोन झोंबी समोरून येतायत आणि हे दोघे गाण्यांच्या तबकड्या फेकून मारतायत. पण आधी कुठली तबकडी फेकायची आणि कुठली नाही, यावर चर्चा. हा प्रसंग का जमतो? कारण मुडद्याला अंगण ओलांडायला मिनिटभर लागतो. त्या मिनिटात माणसं भांडू शकतात, रुसू शकतात, जुने हिशेब काढू शकतात. पळणारा झोंबी असता तर दुसऱ्या वाक्याला दोघेही संपले असते.

म्हणून मी कायमची हळू चालणाऱ्यांच्या पक्षात. पळणारे वाईट नाहीत. कोरियाचा 'ट्रेन टू बुसान' (२०१६) पळणाऱ्यांचाच आहे आणि मला अतिशय आवडतो, पण तो रडवतो. नवख्याला 'मजा येईल' असं सांगून तो दाखवू नका, मी दाखवला आहे. 'झोंबीलँड' (२००९) मात्र माझ्या नियमाला छेद देतो: त्यातले धावतात आणि तरी तो विनोदी आहे. तिथे गंमत नायकाने बनवलेल्या जगण्याच्या नियमांत आणि चार माणसांच्या एकमेकांशी वागण्यात आहे, झोंबी नुसते मागे लागायला ठेवलेत. पहिला नियम म्हणजे दम टिकवून पळता आलं पाहिजे. गोदापार्कला रोज चालणारे आमचे काका ते ऐकून फार खूश झाले.

५. आता रक्त

इथपर्यंत आलात तर बादली उघडायला हरकत नाही.

बाहेरगावच्या माणसाला हे समजवायला वेळ लागतो, पण नाशिकच्या माणसाकडे उदाहरण तयार आहे. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या पेशवेकालीन रहाडी उघडतात. जमिनीतला तो हौद रंगाच्या पाण्याने भरलेला असतो आणि लोक त्यात धपाधप उड्या मारतात. कपाळाला बोटभर लाल रंग लागलेला माणूस गल्लीत एकटा दिसला तर आपण दचकून विचारतो, 'काय झालं, लागलं का?' तोच माणूस डोक्यापासून पायापर्यंत रंगात निथळत रहाडीतून वर आला की आपण हसतो. या सिनेमांत रक्ताचं असंच होतं. थेंबभर असेल तोवर ते कुणाचं तरी रक्त असतं. भिंतीतून, नळातून, कपाटातून फवारे उडायला लागले की त्याचा जखमेशी संबंध उरत नाही.

क्रम असा ठेवा.

आधी 'ईव्हिल डेड २' (१९८७). सॅम रेमीचा दिग्दर्शनातला आचरटपणा आणि ब्रूस कॅम्पबेलचा अख्खा देह. त्याचा स्वतःचा हात झपाटला जातो आणि मालकालाच बडवायला लागतो. एकटा नट स्वतःशी मारामारी करतोय, स्वतःच्याच डोक्यावर बशा फोडतोय. बेर्ड्यांचा चाहता असाल तर हे तुम्हाला लगेच आपलं वाटेल. रक्त लालच असेल असं समजू नका, इथे काळं आहे, हिरवंही आहे. पहिला भाग (१९८१) बघितला नसेल तरी अडत नाही. तो जास्त गंभीर आहे आणि त्यात झाडाचा एक प्रसंग मला आजही नकोसा वाटतो.

मग 'री-ॲनिमेटर' (१९८५). मेलेल्याला उठवणारं चमकदार हिरवं औषध आणि स्वतःचं मुंडकं हातात घेऊन फिरणारा डॉक्टर. जेफ्री कॉम्ब्स इतक्या सरळ चेहऱ्याने वेडेपणा करतो की हसू आवरत नाही. पण शेवटाकडे एक लैंगिक प्रसंग आहे, विनोदाच्या नावाखाली घातलेला, आणि तो मला मुळीच विनोदी वाटत नाही. मैत्रिणीला मी आधी सांगितलं नव्हतं. ती उठून गेली, तिचं बरोबर होतं. तुम्ही आधी सांगा, आणि घरातल्या मोठ्यांबरोबर हा लावूच नका.

आणि शेवटी तो. 'ब्रेनडेड', १९९२, न्यूझीलंड, दिग्दर्शक पीटर जॅक्सन. होय, पुढे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' करून ऑस्कर घेऊन गेलेला तोच माणूस. त्याने पहिला सिनेमा नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी मित्रांना गोळा करून, जवळजवळ चार वर्षांत पुरा केला होता, आणि त्यातले मुखवटे आईच्या ओव्हनमध्ये भाजले होते. 'ब्रेनडेड'मध्ये पैसा जास्त आहे, पण ती ओव्हनची वृत्ती सुटलेली नाही.

गोष्ट १९५७च्या वेलिंग्टनची. आईच्या धाकात दबलेला मुलगा, प्राणिसंग्रहालयात आईला चावलेलं एक विचित्र उंदीरमाकड, आणि नंतर आईला घरातच लपवून ठेवायची धडपड. पाहुणे आलेत, आई टेबलावर बसलीय, तिचं अंग गळायला लागलंय, आणि कुणी काही बोलत नाही कारण पाहुण्यांसमोर कसं बोलायचं! हा प्रसंग मला मराठी वाटतो. पुढे कुंगफू खेळणारा पाद्री आहे, बागेत फिरायला नेलेलं झोंबी बाळ आहे, आणि शेवटी गवत कापायचं यंत्र. त्या शेवटच्या भागात दिवाणखान्याची अक्षरशः रहाड होते.

सापळे तीन. एक, अमेरिकेत हाच सिनेमा 'डेड अलाइव्ह' नावाने आला, त्यामुळे दोन वेगळे सिनेमे समजून दोनदा पैसे भरू नका. दोन, त्याची ८५ मिनिटांची काटछाट केलेली प्रत आहे. ती बघितलीत तर काहीच बघितलं नाहीत. तीन, जेवणाच्या टेबलावरच्या त्या प्रसंगात कस्टर्ड आहे. मी कस्टर्ड नको असं वर का लिहिलं ते तेव्हा कळेल.

६. सदतीस मिनिटं दम धरा

जपानचा 'वन कट ऑफ द डेड'. शिनिचिरो उएदाचा, २०१७चा, अगदी तुटपुंज्या पैशांत केलेला. सुरुवातीची ३७ मिनिटं एकच सलग शॉट आहे आणि ती तुम्हाला कच्ची वाटतील. नट अडखळतात, मधेच विचित्र शांतता पसरते, कॅमेरा जमिनीवर पडून राहतो. दर वेळी कुणीतरी म्हणतं, "बंद करूया का?" बंद करायचा नाही. ट्रेलर बघायचा नाही, परीक्षण वाचायचं नाही.

पुढे काय होतं ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते, की कालिदास कलामंदिरात हौशी नाटकासाठी विंगेत उभं राहून ऐनवेळी हरवलेली वस्तू शोधलेल्या कुणालाही हा सिनेमा दोन वेळा बघावा लागेल. मी चार वेळा बघितलाय.

७. एकदा रक्त करून बघा

ऐच्छिक पायरी, पण भीती घालवायला याच्याइतकं गुणकारी काही नाही. घरात रक्त शिजवलेलं माणूस पडद्यावर रक्त दिसलं की घाबरायच्या ऐवजी 'पातळ झालंय' म्हणतं.

एक वाटी साखर आणि अर्धी वाटी पाणी उकळून बोटाला चिकटेल असा पाक करा. गार होऊ द्या. त्यात खायचा लाल रंग थोडा थोडा घाला. नुसत्या लाल रंगाने गुलाब सरबत तयार होतं, माझं पहिलं रक्त तसंच झालं होतं आणि आत्तेबहिणीने ते दुधात घालून पिऊन टाकलं. म्हणून चिमूटभर कोको पावडर आणि निळ्या रंगाचा एखादाच थेंब. दाटपणा हवा असेल तर पाक उकळतानाच कालवलेलं कॉर्नफ्लोअर घाला. घाव दाखवायचा असेल तर कोको जास्त, ताजा फवारा हवा असेल तर कमी.

खायचा लाल रंग कपड्यांवरून निघत नाही आणि त्वचेवर दोन दिवस राहतो. रंगपंचमीचे जुने कपडे काढा, खाली सतरंजी घाला, डोळ्यांत जाऊ देऊ नका. शूटिंग मोकळ्या जागेत करायचं असेल तर आजूबाजूच्यांना आधी सांगून ठेवा. आणि लगेच पुसून घ्या, कारण हा साखरेचा पाक आहे. आमच्या हॉलमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी खुनाच्या जागेवर मुंग्यांची रांग लागली होती, भिंतीपासून थेट प्रेतापर्यंत.

असले उद्योग या मातीत नवे नाहीत. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली पडद्यावर लंका पेटवून दाखवली होती.

८. सिनेमा संपल्यावर लगेच दिवे लावू नका

एक प्रश्न विचारा: आत्ता, या मिनिटाला नाशकात झोंबी आले तर कुठे जायचं?

आमच्याकडे या प्रश्नावर सिनेमापेक्षा जास्त वेळ जातो. दीर (हो, तो परत आला, आणि क्रमाने आला) सिटी सेंटर मॉल म्हणतो: खायला आहे, कपडे आहेत, वर गच्ची आहे. मी त्याला १९७८च्या 'डॉन ऑफ द डेड'ची आठवण करून देते. आत्तेबहीण पांडवलेणी म्हणते, कारण हळू चालणारा मुडदा त्या पायऱ्या चढूच शकणार नाही. पण पळणारे असले तर लेण्यांना दुसरी वाट नाही, हेही तिला मान्य आहे. कुणीतरी द्राक्षबागेतल्या वायनरीचं नाव घेतं, ते कशासाठी हे सगळ्यांना कळतं.

काका मात्र दर वेळी शांतपणे रामशेज किल्लाच म्हणतात. औरंगजेबाच्या फौजेला ज्याने पाच वर्षांहून जास्त काळ दाद दिली नाही, तो मेलेल्यांना काय दाद देणार. वर पाण्याची टाकी आहेत. शहरापासून तासाभराच्या आत पोचता येतं.

"पण काका, पेठ रोडला ट्रॅफिक असेल," दीर म्हणतो.

"मग साडेपाचला निघू," काका म्हणतात, आणि चिवड्याची वाटी पुढे करतात.